तात्पर्य असे की

३ मार्च, सकाळी १०
आजपासून स्वतःचे कार्यालय. काम : लोकांचा लांबलचक मजकूर आटोपशीर करून देणे. भाडे नाही, कारकून नाही. सगळे इंटरनेटवर आणि सगळे फुकट. ईमेल फुकट, फाइलींचे कपाट फुकट, व्हिडिओवरची बैठकही फुकट, चाळीस मिनिटांपर्यंत. त्याहून जास्त लागतात कोणाला?
स्थळ : जेवणाचे टेबल, खिडकीकडची बाजू. ही म्हणाली, अहो, ताटं घ्यायच्या वेळी उचलायचं हं. तात्पुरती तडजोड.
मेहुण्याने महिनाअखेरची मुदत दिली आहे. तोवर काम मिळाले नाही तर त्याच्या टाइल्सच्या दुकानात काउंटरवर. भाऊजी, तुमची वाटच बघतोय, म्हणाला. मी नुसता हसलो.

४ मार्च
ईमेलला 'संक्षेप' हे नाव हवे होते. कोणीतरी आधीच लाटलेले. 'संक्षिप्तीकरणसेवाकार्यालय' मात्र लगेच मिळाले. ही म्हणाली, एवढं टाइप करेपर्यंत गिऱ्हाइकाचा विचार बदलेल. व्यवसायातले तिला काय कळते?

५ मार्च
दिवसभर पासवर्ड. मी यंत्रमानव नाही हे सिद्ध करायचे : सिग्नल असलेले चौकोन निवडा. खांब हा सिग्नलचा अवयव की आधार? न्यायशास्त्राचा घोळ. सहा वेळा नापास.

८ मार्च
बोलले की टाइप होते. फुकट! एका प्रकाशिकेला पत्र सांगितले आणि धाडले. नंतर वाचले : "महोदया, आपल्या ग्रंथाचे सार अहो गॅस बारीक करा किती वेळा सांगू काढून देऊ."
उद्यापासून स्वयंपाकघराचे दार लावून घेणे.

९ मार्च
उत्तर आले! बाई विचारतात, गॅस बारीक केलात का? एका कारखानदाराचे नऊशे पानी आत्मचरित्र दीडशे पानांत आणायचे आहे. मेहुण्याला कळवले. तो म्हणाला, बघू.

१२ मार्च, बैठक
पहिली दहा मिनिटे बाईंना माझे फक्त कपाळ दिसत होते. पुढची सहा, आवाज बंद. मग संक्षेपाची परंपरा सूत्रकारांपासून मांडली. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला मुलगा झाल्याचा आनंद होई, वगैरे. बाई तल्लीन, एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. 'तात्पर्य असे की' म्हणालो आणि पडदा काळा. चाळीस मिनिटे.

१४ मार्च
दुसरी बैठक. आज प्रस्तावना अजिबात नाही, असा निश्चय. ती का नाही, एवढे समजावण्यात एकोणचाळीस मिनिटे. मग दर सांगायला तोंड उघडले, 'थोडक्यात सांगायचे तर', आणि पुन्हा अंधार. फुकटच्या वस्तूंना वेळकाळ कळत नाही.

१५ मार्च
बाईंचे पत्र, दोन ओळी. बैठक नको. पहिल्या प्रकरणाच्या चाळीस पानांचे सार एका पानात, पंचवीस तारखेपर्यंत सामायिक कपाटात ठेवावे. हातचा मळ.

२४ मार्च
सार चोपन्न पानांचे झाले. दोष ग्रंथकाराचा, बिचाऱ्याच्या कितीतरी गोष्टी सांगायच्या राहून गेल्या होत्या. ही म्हणाली, अहो, एक पान मागितलंय ना? मी म्हणालो, तळटीपा वगळल्या तर एकोणपन्नासच आहेत. कपाटात ठेवले. तिने प्रकरण मागितले, भाजी निवडता निवडता वाचते म्हणाली. वाचू दे. तेवढाच विरंगुळा.

३० मार्च
प्रकाशिकाबाईंचा फोन. पान फार आवडले म्हणाल्या. मी विचारले, चोपन्नांपैकी कुठले? त्या म्हणाल्या, नाही हो सर, ते एकच पान ज्यांनी लिहिलं त्यांना फोन द्या.
ही म्हणाली, रागावू नका, तुमचं लांबलं म्हणून मी आपलं एक पान कपाटात ठेवून दिलं. दर, मुदत, सगळे दोन मिनिटांत ठरले.
म्हणजे कार्यालय चालले. माझा अंदाज चुकला नाही.

३१ मार्च
खिडकीकडची बाजू हिला दिली. तिथे उजेड बरा. तिच्या पानाची फाइल उघडून प्रस्तावना जोडू लागलो. जोडता येईना. मला 'फक्त पाहण्याची' परवानगी आहे. तिला विचारले. म्हणाली, तुमच्याच भल्यासाठी.
दुपारी मेहुण्याचा निरोप : भाऊजी, उद्या दहाला दुकानात? सविस्तर उत्तर लिहिले, पाच परिच्छेद, भूमिकेसह. हिने वाचले, आटोपशीर केले आणि पाठवूनही दिले :
"येतो."