फियाट बाहेर कुठून काढायची?

मारुंजी
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय आरू,

तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर माझं पत्र आलेलं पाहून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. आईला या वयात पत्र लिहायची हौस कुठून आली, असं वाटेल तुला. फोनवर सगळंच बोलता येत नाही बाई. इकडे कुणी ना कुणी कान लावून असतं, आणि तिकडेही.

तर पहिली बातमी, आपली फियाट झाली. खरंच झाली. दुसरी बातमी, ती अंगणातून बाहेर निघत नाही, आणि तिला वाट करून द्यायला तुझी खोली पाडायचं ठरलं. मी आडवी आले. दसऱ्यापासून मी तुझ्याच खोलीत मुक्काम ठोकलाय, आत्ताही तुझ्या कॉटवर बसून लिहितेय. आता पहिल्यापासून सांगते.

तुझ्या लग्नात ही फियाट कुठं होती आठवतं ना? मागं पत्र्याखाली, चार विटांवर, चाकं काढलेली. आत कोंबड्या अंडी घालायच्या. तुझे नाना रिटायर झाले आणि पहिल्याच महिन्यात मला पोळीची घडी कशी घालावी ते शिकवायला लागले. दुसऱ्या महिन्यात त्यांनी मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले. मी माऊलीला म्हटलं, अरे, यांना काहीतरी उद्योग द्या, नाहीतर मी भुकूमला माहेरी जाऊन बसते. तेव्हा तुझ्या भावाच्या सुपीक डोक्यातून निघालं, की तुझ्या आजोबांची, आप्पांची फियाट उभी करायची. गॅरेजला टाकायची नाही. घरच्या घरी, सगळ्यांनी मिळून. आपल्याकडे सगळ्यांनी मिळून म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको. दोघांनी पसारा मांडायचा आणि बाकीच्यांनी निस्तरायचा.

दोन वर्षं गेली त्यात. कार्बोरेटर माझ्या दुधाच्या पातेल्यात पेट्रोल घालून धुतला, ते पातेलं अजून वास मारतं. खालचा पत्रा गंजून चाळण झाला होता, तो कापून नवा लावला. सूनबाई उत्कर्षा दिवसभर लॅपटॉपवर ऑफिसचं काम करायची आणि जेवताना फोनवर दारांचे रबर आणि दिव्यांच्या काचा शोधायची. भुकूमचा वाल्मीक मिस्त्री दर रविवारी इंजिनाला हात लावायला यायचा, म्हणजे रविवारी पाच माणसांचं जेवण. मी सीटं शिवली. माझ्या शिलाईमशीनवर रेक्झीन! सुया मोडल्या, बोटं सोलली. कुणाचं बारसं असो, कुणाची पूजा, रविवारी मला घरातून हलता आलं नाही. एकदा मी साडी नेसून तयार झाले तर नाना म्हणाले, "आन् मागच्या सीटचं काय?" साडी बदलून बसले मशीनवर.

पण खोटं कशाला बोलू, इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, धुरानं का असेना.

आता गंमत ऐक. वरच्या आठ खोल्या भाड्यानं द्यायच्या म्हणून तुझ्या लग्नानंतर बाहेरून जिना काढला, तो नेमका बोळात. ज्या बोळातून भाताच्या पेंढ्याचा टेम्पो आत यायचा, तिथून आता दोन मोटारसायकली शेजारी-शेजारी जात नाहीत. जिन्याचं काम चाललं होतं तेव्हा फियाट अंगणातच होती की! गवंड्यानं तिच्या टपावर सिमेंटची पोती रचली होती. चाकंच नव्हती ना तिला, त्यामुळं ही कधीतरी चालणार आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी श्रावणात विचारलं होतं, "अहो, ही बाहेर कुठून काढायची?" तर म्हणाले, "निघंल की. टेम्पो निघायचा हितनं." माऊली म्हणाला, "आई, तू सीटचं बघ." मी परत मशीनवर बसले. आपल्या घरात गाडीतलं बायकांना कळत नाही, गाडी पुसायची मात्र त्यांनीच.

दसऱ्याला सकाळी झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. मुळशीच्या धरणापर्यंत जायचं, येताना पौडला मिसळ खायची, असा बेत. वरचे भाडेकरू मोबाइल घेऊन जिन्यावर उभे. नानांनी टोपी घातली, गाडी सुरू केली आणि बोळात घातली. माऊली पुढं उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत होता. मग म्हणाला, "थांबा." एका बाजूला जिना, दुसऱ्या बाजूला तुझ्या खोलीची भिंत, मध्ये फियाटचं नाक. वरचं एक पोरगं फिसकन हसलं. नानांनी गाडी मागं घेतली आणि बराच वेळ आतच बसून राहिले. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

वाल्मीकनं टेप लावून बघितली. म्हणाला, "जिना न्हाईतर ही भित. दोन्हीतलं एक पाडावं लागंल." जिना पाडला तर आठ बिऱ्हाडं वर कशी जाणार? मग सगळ्यांनी तुझ्या भिंतीकडं पाहिलं. नाना म्हणाले, "आरूची खोली रिकामीच हाय की. ती आता कुटं हितं राह्याला येतीया? दिवाळीला आली तर झोपंल हॉलमधी." मनात काही वाईट ठेवून नाही म्हणाले. जुनं कपाट काढून टाकावं तसं सहज. माऊलीनं मान हलवली, उत्कर्षानंही हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं बोलवायचं ठरलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "न्हाई पाडायची."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. का, म्हणून विचारलं. जेवणं झाल्यावर गादी उचलली आणि इथं आणून टाकली. सकाळी माणसं आली, ओट्यावर बसली, चहा प्याली आणि गेली. तेव्हापासून आंघोळीला गेले तरी कुलूप लावते आणि किल्ली कमरेला. उत्कर्षा ताट आणून देते, दारातच उभी राहून म्हणते, "आई, लोक हसतायत." हसू देत. माऊली समजावून गेला की नानांची इतक्या वर्षांची इच्छा आहे. नानांचं एकच चाललेलं. रोज सकाळी गाडी पुसायची, सुरू करायची, स्टेअरिंगला हात लावून बसायचं, मग बंद करायची. कुठं जायला वाटच नाही. मी खिडकीतून बघते. तेही अडकलेत आणि मीही. आम्ही दोघांनी मिळून हे घर एवढं वाढवलं, की आता कुणालाच धड बाहेर पडता येत नाही.

तुझ्या या खिडकीतून पूर्वी ओढ्यापर्यंतची खाचरं दिसायची. आता समोरच्या सोसायटीची भिंत आणि भाडेकरूंच्या वाळत घातलेल्या जीन्स. हे कधी झालं ते कळलंच नाही. प्रत्येक खोली बांधताना काहीतरी चांगलंच कारण होतं, आणि प्रत्येक वेळी मी हो म्हटलं होतं.

नाना भाडेकरूंना सांगतात, ह्याच गाडीतून हिला लग्न करून आणली. खरंय ते. पण ही गाडी मला आणखी एकदा घेऊन आली होती, ते कुणी सांगत नाही. माऊली तेव्हा पोटातही नव्हता. नानांचा हात उठला माझ्यावर. कशावरून ते जाऊ दे, मीठ-मिरचीवरूनच होतं. मी कपड्यांची पिशवी घेऊन पायी वाट धरली आणि भुकूम गाठलं. माहेरी दोन्ही भावांची लग्नं झालेली, घर माणसांनी भरलेलं. मला कणगीशेजारी अंथरूण घालून दिलं. येता-जाता प्रत्येकाला माझे पाय ओलांडावे लागायचे. आई रडायची, पण जागा कुठून आणणार ती? आणि मग एका दुपारी बाहेर हॉर्न वाजला. आप्पा फियाट घेऊन न्यायला आले होते. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. माझ्या वडिलांनीच पिशवी उचलून डिकीत ठेवली. नानांनी त्यानंतर कधी हात उचलला नाही, ते माणूस म्हणून वाईट नाहीत. पण त्या डिकीचं झाकण लागलं तो आवाज माझ्या कानातून गेला नाही. त्याच गाडीची सीटं मी शिवली बघ.

हे तुला आज सांगतेय, कारण राखीला तू आलीस तेव्हा मी बघत होते. माऊलीला ओवाळताना तुझा फोन पियूषरावांच्या हातात होता. जेवायला थांब म्हटलं तर तू आधी त्यांच्याकडं पाहिलंस. अगं, तू लहानपणी जेवायला बस म्हटलं तर तीन गल्ल्या पळवायचीस मला! रुपाली बाजारात भेटली होती. तुझी एवढी जिवाभावाची मैत्रीण, म्हणाली, आरूनं माझा नंबर बंद केलाय, माझं काय चुकलं काकू? मी काय सांगणार? फोनवर मी काही विचारलं की तू थांबतेस, मग आवाज तुझा येतो आणि शब्द दुसऱ्याचे. "आम्ही ठरवून सांगतो." "आम्हाला जमेल असं वाटत नाही." परवा मी माऊलीच्या फजितीची गोष्ट सांगितली तर तू हसलीससुद्धा थांबून. स्पीकर लावलेला असतो ना? उत्तर देऊ नकोस, मला कळलंय.

यातलं मी घरात कुणाला बोललेले नाही. तू स्वतः काही बोलली नाहीस, मग मी कुठल्या तोंडानं गावभर करू? पण परवा नाना दारात येऊन उभे राहिले. टोपी काढली, परत घातली. म्हणाले, "पोरीचं काय हाय का?" मी नुसती त्यांच्याकडं बघत राहिले. ते खाली बघायला लागले आणि निघून गेले. मला वाटलं, आता उद्या माणसं घेऊनच येणार.

काल दुपारी आले ते गाडीच्या हत्यारांची पेटी घेऊन. दाराची आतली कडी नुसती नावाला होती, ती काढली आणि जाडजूड नवी बसवली. मला म्हणाले, "आतनं लाव." मी लावली. त्यांनी बाहेरून खांदा लावून रेटा दिला, एकदा, दोनदा. दार हललं नाही. "पक्की हाय," म्हणाले. त्यांना भुकूमचं काही आठवलं का, देव जाणे. मी विचारलं नाही. अंगणात माऊलीला मात्र सांगताना ऐकलं, "भित ऱ्हाऊ दे." माऊली चिडला, मग गाडीचं काय करायचं म्हणाला. नाना म्हणाले, "ऱ्हाईल हितंच." आणि तिच्यावर कापड टाकून आले.

आता पत्र कशाला लिहिलं ते. गणपतीनंतर तू फोन केला होतास. इकडचं तिकडचं बोलता बोलता मध्येच विचारलंस, "आई, माझ्या खोलीत आता कोण राहतं गं?" मी म्हटलं, कोण राहणार, गाडीचं सामान पडलंय. तू "बरं" म्हणालीस आणि पाऊस कसाय ते विचारलंस. तो तुझा "बरं" मला तेव्हा ऐकूच आला नाही. दसऱ्याला सगळे भिंतीकडं बघत उभे होते, तेव्हा ऐकू आला. आरू, मी सामान काढलंय. रंगाचे डबे, जुना बंपर, सगळं बाहेर. फरशी धुतली, पंख्याला तेल दिलं, कॉटवर नवी चादर घातली. यायचं असलं तर शाळेतूनच नीघ, बॅग भरायला घरी जाऊ नकोस. कपडे इथं पुष्कळ आहेत. मुंबईकडं जाणाऱ्या बसमध्ये बस, वाकडला उतर आणि रिक्षा कर. रात्र होऊ दे, पहाट होऊ दे. का आलीस असं इथं तुला कुणी विचारणार नाही, आणि न्यायला कुणी आलंच तर त्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल. यायचं नसलं तरी मी रागावणार नाही. तू येईपर्यंत मी जागा धरून बसलेय.

तुझीच,
आई