पायलट कोकिळा

लोहारा, यवतमाळ
८ डिसेंबर १९९७

चि. प्रेरणास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल काल मिळालं. कापूस खरेदी केंद्रावरून आलो आणि पायसुद्धा न धुता तू माझ्याकडे ठेवून गेलेल्या कॉम्प्युटरपुढे बसलो. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे शोभतं का, असं डायरीत लिहिलं, मग डायरी मिटून तू पाठवलेली सीडी घातली. चालली! जुन्या खेळाला जोडलेल्या बारा नव्या लढाया, माणसासारखी दोन पायांवर चालणारी नवी चाळीस फुटी लोखंडी धुडं, आणि आपली पायलट जुन्या खेळातून सगळ्या पदकांसकट इकडे आली! तू तिला आईचं नाव दिलंस तेव्हा मी हसलो होतो. आता पडद्यावर ‘कोकिळा’ उमटलं, की ताईलाच लढाईवर धाडतोय असं वाटतं. पायलट मेली की खेळ तिची नोंद कायमची पुसून टाकतो, हे तू बजावलं आहेस. विसरलेलो नाही.

तीन लढाया मारल्या. धुडानं पाऊल टाकलं की टेबल हलल्याचा भास होतो. मी दोनदा चहाचा कप धरला. तोफा फार डागल्या की यंत्र तापतं, काटा लाल झाला की जागच्या जागी बंद पडतं. तेवढं सांभाळतो.

केंद्रावर यंदा बोंडअळीनं खाल्लेला, डागाळलेला मालच जास्त. शेतकऱ्याच्या बैलबंडीत कोपरापर्यंत हात घालून ओल बघायची, वजन वाढवायला पाणी मारलेला कापूस परत पाठवायचा, हे वीस वर्षांचं काम. पण यंदा दिवसभर नाही म्हणून घसा बसतो, आणि हात बाहेर काढताना समोरच्याच्या तोंडाकडे बघवत नाही. खेळात निदान समोर शत्रूच असतो.

आमच्या शेजारच्या रहेमानभाईंचा टेम्पो पंधरा जानेवारीला पुण्याला निघेल. तुझ्या प्रोजेक्टसाठी कॉम्प्युटर त्यातच येईल. तोवर बाराही लढाया संपवायच्या आहेत.

तुझी माया असू दे, बाकी मी बघतो.
तुझा नयनमामा

पुणे
१५ डिसेंबर १९९७

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हॉस्टेलच्या अख्ख्या खोलीला वाचून दाखवलं. कप धरल्याच्या ओळीवर मुली पलंगावरून पडायच्या राहिल्या. इथे कॉलेजच्या कॉम्प्युटरवर खेळ लावला तर नाव काढून टाकतात, त्यामुळे मी तुमच्या पत्रांवरच खेळते आहे. तेव्हा ‘तीन मारल्या’ असं हिशेबनिसासारखं कळवू नका. कुठून निघालात, कुठे वळलात, सगळं लिहा.

दोन वर्षं घडवलेली पायलट तुमच्या हवाली आहे. आईला यातलं काही सांगू नका. तिच्या मते तो डबा म्हणजे माझ्या डोळ्यांचा सत्यानाश.

तुमच्या विजयाच्या बातमीला हपापलेली भाची,
प्रेरणा

लोहारा
२९ डिसेंबर १९९७

चि. प्रेरणास,
अनेक आशीर्वाद.

अकरा जिंकलो! पण बाराव्या लढाईत तुझी आई माझ्या हातून मेली.

तू म्हणालीस तसं सगळं लिहितो. समोर रुंद नदी, पलीकडे शत्रूचा तळ. मी नदी टाळून काठानं डावीकडे गेलो, बऱ्याच लांबच्या पुलापर्यंत. पुलावर तीन धुडं उभीच होती. तोफा डागल्या, काटा लाल झाला, यंत्र बंद पडलं आणि त्यांनी आपल्याला उभ्याउभ्या फोडलं. पडदा काळा, नोंद पुसलेली.

आता कबुली. मी भीतीपोटी आदल्या दिवशीच तिची नोंद फ्लॉपीवर उतरवून ठेवली होती. ती परत घातली, ताई पुन्हा उभी झाली. मग जेवण गेलं नाही. दिवसभर दुसऱ्यांची लबाडी पकडणाऱ्यानं घरी येऊन हे करावं? निवाडा तू कर.

तुझ्या रागालाही पात्र असलेला,
नयनमामा

पुणे
५ जानेवारी १९९८

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

निवाडा असा: फ्लॉपी एकदाच माफ. आता एकच डाव. आई वाचली तर वाचली, नाहीतर तिचं आयुष्य तेवढंच.

पण मामा, तुमचं पत्र मी चारदा वाचलं आणि मग कपाळावर हात मारून घेतला. तुम्ही नदी टाळलीतच का? नव्या भागात पाणी मुद्दाम घातलंय! मैत्रिणीकडे राहिलेल्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, की पाण्यात उभं राहिलं तर यंत्र झपाट्यानं थंड होतं, ते खराब होत नाही. ओल दिसली की माल परत पाठवायची तुमची खोड, दुसरं काय! तुमच्या बंडीत कापूस नाहीये हो, लोखंड आहे. सरळ घुसा!

नखं कुरतडत बसलेली,
प्रेरणा

लोहारा
१४ जानेवारी १९९८

चि. प्रेरणास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर आधी फ्लॉपी पुसली. मोह नको. दोन दिवस मात्र सीडीला हात लावायचं धाडस झालं नाही.

काल सामान बांधायला ताई उमरखेडहून आली. पडद्यावर स्वतःचं नाव बघून म्हणे, हे माह्यं नाव कायले टाकलं? सांगावंच लागलं. आज आपलं मरण-जगणं ठरणार म्हटल्यावर ती खुर्ची ओढून बसली. मला नेम धरायला दोन्ही हात लागतात, म्हणून चालायची आणि वळायची बटणं तिच्याकडे दिली.

नदी आली. तुझं पत्र तोंडपाठ असूनही माझ्या तोंडून निघालं, डावीकडे घे, पुलावर. ताई म्हणे, काहून? तळ तं सरळ समोर हाय. मी म्हणालो, यंत्र भिजेल. त्यावर म्हणे, लोखंडाचं हाय का सरकीचं? आणि तिनं बोट दाबूनच धरलं.

धुड कमरेपर्यंत पाण्यात उतरलं. वीस वर्षांच्या सवयीनं माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात पुलावरची तिन्ही धुडं काठानं धावत आली. मी सगळ्या तोफा एकदम डागल्या. काटा लाल झाला, थरथरला आणि भराभर खाली उतरला! पुन्हा डागल्या. पहिलं कोसळलं. ताई ओरडली, मार नं लेका, पाहून काय राह्यला! दुसरं पडलं. आपला डावा हात तुटून पाण्यात गेला, पण तिसरं मागे पळालं, ते तळाच्या दारातच पेटलं. प्रेरणा, आपण जिंकलो! पायलट कोकिळा, सर्वोच्च पद, जिवंत!

डायरीत ‘मी जिंकलो’ लिहिलं, मग खोडलं. पाय माझे नव्हते. आज केंद्रावर दोन ओल्या बंड्या परत पाठवल्या, नियम तो नियम. पण आज बंडीवाल्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, आणि उद्या वाळवून आणा, मी आहे, असंही म्हणालो.

कॉम्प्युटर खोक्यात गेला आहे. ताईला दोन ओळी लिहायच्या आहेत, म्हणून आवरतो. मामावरचा जीव असाच ठेव.
तुझा नयनमामा

पोरी, तुह्या मामाले नुसत्या तोफा मारता येतात, रस्ता समजत नाही. खोक्याले सुतळी बांधतांनी मले कसंतरी वाटून राह्यलं. परीक्षा झाली की डबा घेऊन येजो. त्या खेळाची दुसरी तबकडी भेटते का तेही पाहजो. यावेळी तोफा माह्याकडे, चालवन नयन.
तुही आई