आत्याच्या अंगणातले शेवाळगोळे

मोताळा, २७ ऑक्टोबर २०१७

ती. ताईस,
शेखरचा शि. सा. न.

पत्र लिहायचं पंधरवड्यापासून टाळून राह्यलो. पेन आणायला निघालो तर रस्त्यात बैलबाजार लागला, मग एक टेम्पो धामणगावले निघाला होता, त्यात बसलो. फोनवर तू मले बोलू देत नाहीस, म्हणून कागदच बरा.

तर ताई, आत्याच्या अंगणात गल्लीतल्या बायकांसाठी माझं वर्कशॉप झालं! पुण्याच्या नर्सरीत शिकलो तेच. रोपाच्या मुळांभोवती मातीचा गोळा करायचा, त्यावर शेवाळ, वरून सुतळी, न् दाराशी टांगायचं. कुंडीच नाही. जपानात याले कोकेडामा म्हणतात, शेजारची सिंधूताई लाडू म्हणते. माती आत्यानं मळून दिली. मी तेव्हा विहिरीवर शेवाळ खरवडत होतो, तिथं एक कासव दिसलं, ते पाहता पाहता उशीर झाला.

पण आता सगळ्यांच्या रोपांनी माना टाकल्या. सिंधूताई म्हणते, तुझा जपान माझ्या दारात मरून पडला. राबियाचाचीची बकरी चारा सोडून दिवसभर गोळाच चाटते. चाची इचारते, काय घातलं बे याच्यात? मले काय माहीत!

बाबांचं ठरलंय. बारा तारखेच्या दुसऱ्या वर्कशॉपला बायका आल्या तर ठीक, नाही तर दुसऱ्या दिवसापासून उत्तममामाच्या कृषी केंद्रात बसायचं. बियाण्याच्या पिशव्यांमागं मी, ताई! काहीतरी सुचव.

लोभ आहेच, राग आला असेल तर तोही राहू दे.

तुझा शेखर


जळगाव जामोद, २ नोव्हेंबर

चि. शेखरास,
अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, माती आत्यानं मळली ना? तिच्यापुढं परात आली की मीठ न् तेलाचं मोहन आपोआप पडतं. एकदा गणपतीच्या शाडूतही तिनं घातलं होतं, बाप्पाले मुंग्या लागल्या होत्या. बकरीले कळलं, तुले नाही! आधी जिभेवर ठेवून पाहा. आत्याले चारचौघींत बोलू नको. नवी माती तूच मळ, कासव असो की मगर, जागचा हलू नको. आणि घरोघरी जाऊन बायकांना परत बोलव.

इकडे कपाशीत गुलाबी अळी शिरली. बीटी बियाणं आहे, त्याले अळी लागत नाही म्हणून सगळे निर्धास्त होते. मामंजी दिवसभर बोंडं फोडून पाहत बसतात. तुझं पत्र मोठ्यानं वाचलं, तर बकरीपाशी ते हसले, कितीतरी दिवसांनी. तेवढ्यासाठी तरी लिहीत जा.

कसाही असलास तरी आमचाच,
संजीवनी


मोताळा, १२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

गोळा चाटला. खारट! नेमकं राबियाचाचीनं पाहिलं. म्हणाली, माझी एक बकरी कमी होती काय?

आत्याले हळूच सांगितलं, तर ती रुसली. म्हणते, आलेल्या बाईच्या हातात मी अळणी देऊ काऊन? शेवटी मिठाची बरणी चाचीकडे ठेवली न् माती मी मळली.

आज दहा वाजले तरी अंगण रिकामं. मनातल्या मनात मी मामाच्या दुकानात बसूनही आलो. मग सिंधूताई वाळका लाडू घेऊन आली. म्हणे, बाकीच्या वाट पाहत होत्या, पहिले कोण जाते म्हणून. तिच्यामागं सगळी गल्ली! आत्ता गोळे बादलीत भिजत पडलेत, म्हणून लिहायला बसलो. बाबांना तूच कळव, माझ्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही.

मामंजींना नमस्कार, बकरीचाही. माया पातळ होऊ देऊ नको.

शेखर

ता. क. पाकीट चिकटवत होतो तर फाटकातून उत्तममामा आत! मले वाटलं, न्यायलाच आला. पण चपला हातात न् धापा टाकत. त्यानं विकलेल्या बीटीची किडकी बोंडं घेऊन लोक दुकानापुढं जमलेत. अळी का मी पेरली, म्हणतो, माझ्याही वावरात तीच हाय. सिंधूताईनं सरकून जागा दिली. आता मामा बायकांत मांडी घालून बसलाय, कोपरापर्यंत मातीत, न् मले म्हणतो, कोणी आलं तर सांग, इथं बायकाच हायेत.