दोन साक्षीदार, एक मसुदा

३ मार्च, सकाळी ७
आजपासून रोज लिहायचं. थोरल्याला जाऊन चौदा महिने झाले. सैन्याने त्याला प्रशस्तिपत्र दिलं. जखमींना आणायला गोळीबारात शिरलेल्या पोराला नुसता कागद. शौर्यपदकच हवं. फेरविचाराचा अर्ज करतो. एकतीस वर्षं ऑफिसात मसुदे लिहिलेत. माझा मसुदा नामंजूर करणारा अजून जन्माला यायचाय.

५ मार्च
नियम वाचले. फेरविचार एकदाच होतो. प्रत्यक्ष पाहणारे दोन साक्षीदार हवेत, जबानी 'स्वतःच्या शब्दांत'. थोरल्याच्या तुकडीतला ड्रायव्हर आणि स्वयंपाकी, दोघेही तिथे होते. दोघांचं शिक्षण यथातथाच. त्यांना कुठले शब्द सुचणार, मीच लिहून देतो.

९ मार्च, दुपार
जबानी तयार. चौथा खर्डा. 'प्राणांची तमा न बाळगता' तीनदा आलंय, असू दे. हिला वाचून दाखवली. ही म्हणाली, छान आहे, पण हा आपला पोरगा वाटत नाही, आपला तर झुरळाला घाबरायचा. हिला सरकारी भाषा कळत नाही. नंतर बराच वेळ मोरीत नळ सोडून उभी होती.

१४ मार्च
ड्रायव्हर आला, कुबडी घेऊन. तिसऱ्या खेपेचं काहीतरी सांगायला लागला. म्हटलं, कशाला त्रास घेता, सगळं लिहिलंय, इथे सही करा. तो म्हणाला, काका, थोडं वेगळं झालं होतं. म्हटलं, थोडंच ना? केली बिचाऱ्याने सही. ही चहा घेऊन बाहेर येईपर्यंत मी त्याला टॅक्सीत बसवूनही आलो. कामात गप्पा नकोत.

२१ मार्च
स्वयंपाक्याची सही पोस्टाने आली. वेळ वाचावा म्हणून त्याला तोच मसुदा पाठवला होता, फक्त नाव बदलून. याला म्हणतात अनुभव. अर्ज रवाना. हॉलमध्ये पदकासाठी खिळा ठोकला. प्लास्टर थोडं पडलं.

२ मे
नामंजूर. मंडळ लिहितं, दोन्ही जबान्या शब्दशः सारख्या आहेत. शिवाय स्वयंपाकी म्हणतो की त्याने सगळं 'स्टिअरिंगवर बसून' पाहिलं, तेव्हा साक्ष विश्वासार्ह नाही. प्रकरण कायमचं बंद. म्हणजे घाईतली एक चूक. नाव बदललं, स्टिअरिंग राहिलं. एवढ्याशा चुकीसाठी माझ्या पोराचं पदक गेलं. जेवण गेलं नाही. हीसुद्धा जेवली नाही.

६ मे
ड्रायव्हर पुन्हा आला. हिनेच फोन करून बोलावलं. मला म्हणाली, तुम्ही आज एक शब्द बोलायचा नाही. आणि त्याला म्हणाली, बाळा, काय झालं ते सगळं सांग.
दोघा जखमींना आणून झालं होतं. तिसऱ्या खेपेला थोरला रडत होता. ड्रायव्हर म्हणाला, बास झालं, आता नको जाऊस. तर म्हणाला, मी माघार घेतली तर बाबा मला घरात घ्यायचे नाहीत. आणि गेला.
हिने माझ्याकडे पाहिलं.
त्या आठवड्यात थोरल्याचा फोन आला होता. ही बाहेर गेली होती. बाबा, भीती वाटते, म्हणाला. मी म्हटलं, भित्र्यांना या घरात जागा नाही. त्याला धीर यावा म्हणून म्हटलं. एकदाच म्हटलं होतं.