पालथ्या डालग्याची तहकीकात

मु. मानवत
श्रावण वद्य सप्तमी

राजमान्य राजेश्री कल्याणराव मेव्हणे यांस, मानवतहून नागप्पाचा शरणार्थ. इकडे सर्व खुशाल आहे (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, काय खुशाल आहे ते पुढे येईलच). तिकडे आपली, वहिनींची आणि लेकराबाळांची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. आपला गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात 'गुडघा बरा आहे' एवढंच लिहून आपण पुढे ज्वारीच्या भावावर गेलात. इतक्या जुन्या गुडघ्याविषयी माणूस इतकं थोडं लिहितो तेव्हा मला शंका येते. काही लपवत असाल तर कळवावं.

एक विनंती पहिल्यांदाच करून ठेवतो. हे पत्र एकट्यानं, दार लावून आणि मनातल्या मनात वाचावं. आपल्याला मोठ्यानं वाचायची सवय आहे आणि आपल्या भगिनीला दारामागं उभं राहायची. (बसम्मा, उभी असशील तर आत जा. चुलीवर दूध असेल.)

आता मुद्दा. पंचमीला माहेरी गेलेल्या गल्लीतल्या सगळ्या बाया परत आल्या आणि आमची त्याच वेळी उलटी निघाली, हे आता मानवतच्या मोंढ्यात सगळ्यांना ठाऊक झालं आहे. पोळा तोंडावर आला. 'ह्या घराचा उंबरा पुन्हा वलांडायची न्हाई' असं ती गाडीत बसताना म्हणाली, तेही मला नाही, बैलाकडं बघून. आपल्याला तिनं काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे, आणि काय सांगितलं नसेल याचीही आहे. मी तिला परत बोलावण्यासाठी लिहीत नाही, हा गैरसमज नसावा. फक्त दुसरी बाजूही आपल्या कानावर असावी. मुन्सफसाहेबांच्या कचेरीत मी दोनदा पंच म्हणून बसलेला माणूस आहे. एका बाजूची गवाही ऐकून फैसला देत नसतात, हे मला माहीत आहे.

आपल्याला ठाऊक आहेच की आमच्या परसात बेलाचं झाड आहे आणि रोज सकाळी लिंगपूजेला मी स्वतःच्या हातानं पान तोडतो. पान तीन दलांचं, अखंड, बिनडागाचं पाहिजे. श्रावण लागला आणि एक दिवस हातात आलेलं पान कुरतडलेलं निघालं. दुसरंही तसंच. माझा पहिला शक शेजारच्या कडूबाईच्या शेळीवर गेला. शेळीची तहकीकात केली. तिचं तोंड हुंगून पाहिलं (कडूबाई तेव्हा भिंतीवरून बघत होती, त्याला माझा इलाज नाही). पण फांदी उंच, शेळी ठेंगणी, म्हणून तिला सोडून दिलं. दुसरा शक तेलवाल्या मन्मथअप्पावर. मठाच्या पंचांत एक जागा रिकामी आहे आणि ती मला मिळणार हे त्याला सहन होत नाही. माझी पूजा बिघडावी म्हणून हा माणूस भिंत चढून पानं फाडत असेल, असं मला वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, त्याचं पोट बघता तो भिंत चढू शकणार नाही हे दिसत असूनही मला ते बरेच दिवस वाटत राहिलं. शेवटी मी कडब्याच्या गंजीमागं दबा धरून बसलो. कुणी आलं नाही. पण समोरच्या पानावर पाखराची शीट पडली होती, ती माझ्या डोळ्यांदेखत चालायला लागली. कल्याणराव, उभ्या जन्मात मी शीट चालताना पाहिली नव्हती. ती चालत पानाच्या कडेला गेली आणि खायला लागली.

मी लगेच बसम्माला बोलावून हुकूम दिला की संध्याकाळपर्यंत ही सगळी घाण झाडावरून गेली पाहिजे, नाहीतर मी तंबाखूचं पाणी मारतो. ती 'बरं' म्हणाली. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. लग्न झाल्यापासून माझ्या कुठल्याही बोलण्याला तिनं पहिल्या झटक्यात बरं म्हटलेलं मला आठवत नाही.

त्यानंतर झाड स्वच्छ झालं आणि घरात संशयास्पद गोष्टी सुरू झाल्या. ज्वारीच्या खोलीला दिवसाढवळ्या कडी लागायला लागली. बाई आपल्याशीच गुणगुणायला लागली. तिच्या हाताला लिंबाच्या सालीसारखा वास यायला लागला, आणि जेवणात तर लिंबू नाही. बेलाच्या खालच्या फांद्या भुंड्या दिसायला लागल्या. विचारलं की उत्तर येई, 'काय न्हाई, तुमी दुकानाला जा.' ज्या घरात पुरुषाला इतक्या आग्रहानं दुकानाला जा म्हणतात, त्या घरात काहीतरी शिजत असतं. एकदा मी दुकानातून अवेळी परतलो तर खोलीची कडी उघडी होती. आत कोपऱ्यात डालगं पालथं घातलेलं आणि त्यावर जुन्या लुगड्याचं पटकूर. डालगं मी ओळखलं. कडूबाई त्याखाली कोंबड्या झाकते.

आपल्या घरात, कल्याणराव! जिथं कांदा चिरला तरी माझी आई वेगळ्या विळीवर चिरायची, त्या लिंगायताच्या घरात कोंबड्यांचं डालगं! मी ते उचलून बघणार होतो, पण पाऊल वाजलं म्हणून मागं सरलो. (भ्यालो नाही. पुरावा पक्का व्हावा म्हणून थांबलो.) दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन पक्का झाला. मी न्हाणीत होतो आणि भिंतीपलीकडून कडूबाई विचारत होती, 'अक्का, समदी अंडी फुटली का वं?' आणि आपली भगिनी, संत मन्मथ माउलीचं नाव घेतल्याशिवाय पाणी न पिणारी, म्हणत होती, 'दोन तशीच हायत बग, बाकीची लय खायलीत.' माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

मी गावभर ओरडत गेलो, असं तिनं सांगितलं असेल तर ते खोटं आहे. मी फक्त मठात स्वामींच्या कानावर घातलं. स्वामींपाशी तेव्हा चार माणसं बसली होती, ती उठून आली, त्यांना मी बोलावलं नव्हतं. मन्मथअप्पाला तर कुणीच बोलावलं नव्हतं, पण तो सगळ्यांच्या पुढं होता. माझ्या मनात एवढंच होतं की उद्या बाहेरून बोभाटा होण्यापेक्षा मीच स्वतः उघडकीला आणलेलं बरं. पंचाच्या जागेला असा सचोटीचा माणूस लागतो.

श्रावणी सोमवार, दिवेलागणीची वेळ. आम्ही खोलीत शिरलो तर बसम्मा डालग्यापुढं दोन्ही हात पसरून उभी राहिली. ती स्वामींच्या पाया पडली नाही, यावरून ओळखा. 'हात लावू नका, आत त्यो दोरा बांधायलाय,' एवढंच ती म्हणत होती. कोण दोरा बांधतोय, कुणाला बांधतोय, हे ऐकून मन्मथअप्पा दोन पावलं मागं सरला. मी सचोटीनं डालगं उचललं.

आत पितळी तांब्यात बेलाच्या डहाळ्या, आणि त्यांवर त्या चालत्या शीटा आता हिरव्यागार, बोटाएवढ्या अळ्या होऊन ओळीनं जेवायला बसल्या होत्या. उजेड पडताच त्यांनी माना वर केल्या आणि डोक्यातून तांबडी शिंगं बाहेर काढली. खोलीभर लिंबाच्या सालीचा उग्र वास सुटला. मन्मथअप्पा मागच्या मागं ज्वारीच्या पोत्यांवर बसला (त्या दिवसातलं एवढंच समाधान). आणि एका काटकीवर एक अळी होती, पण तिला आता अळीही म्हणवेना. ती अंग आखडून, मागं रेलून बसली होती आणि तिच्या छातीभोवतीनं एक बारीक दोरा काटकीला बांधलेला होता. तिनं स्वतःच बांधला होता म्हणे, तोंडातून काढून.

स्वामी कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, 'नागप्पा, ह्यो बेलाबिगर कशाला तोंड लावत न्हाई, अन् गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यावानी अंगावर दोरा हाय. तुझ्या घरात पक्का लिंगायत ह्योच दिसायलाय.'

सगळे हसले. अजून हसताहेत. काल मोंढ्यात एका शेतकऱ्यानं गाडं सोडता सोडता मला विचारलं की पाव्हण्यानं दीक्षा घेतली का. ते मी सोसतो. पण त्या वेळी एक माणूस हसलं नाही. बसम्मानं डालगं माझ्या हातातून घेतलं, परत नीट झाकलं आणि सगळे गेल्यावर फक्त विचारलं, 'मला इचारलं असतं तर?' ती रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो. रडणाऱ्या माणसाशी बोलता येतं. या प्रश्नाला माझ्याजवळ चांगलं उत्तर आहे, ते फक्त अजून सुचायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवान आश्रुबाच्या गाडीत ती निघाली. अळ्या मडक्यात घालून, बेलाच्या डहाळ्यांसकट मांडीवर घेऊन गेली. दोरावाला मात्र इथंच ठेवला, कारण एकदा दोरा बांधला की हलवायचं नसतं म्हणे. त्याच्याबद्दल कडूबाईला सतरा सूचना दिल्या. माझ्याबद्दल एकही नाही.

कडूबाईकडून मला हेही कळलं, की लहानपणी बोरी गावी आपल्या मळ्यातल्या लिंबोणीवर आपणच तिला हे अळ्या पाळायचं शिकवलंत. तेव्हा कल्याणराव, या प्रकरणात आपणही मुलजिम आहात, न्यायाधीश होऊन बसू नये. आणखी एक गोष्ट कडूबाई सांगत होती. आमची लेक चुडाव्याला दिल्यापासून बसम्मा म्हणायची म्हणे, की पुढ्यात टाकलेलं नावं न ठेवता खाणारं घरात कुणीतरी पाहिजे. हे बोलणं कुणाला उद्देशून होतं, याची मी तहकीकात केलेली नाही.

असो. मला अळ्यांशी कर्तव्य नाही. तो दोरावाला मी भिंतीतल्या देवळीत ठेवला आहे तो केवळ पुरावा म्हणून. वडीलधाऱ्यांना शरणार्थ, लेकरांना आशीर्वाद. आपल्या गुडघ्याचं खरं काय ते लिहावं.

आपला,
नागप्पा

ता. क. आश्रुबाचा बैल लंगडतो आहे म्हणून पत्र दोन दिवस घरातच पडलं. (टपालानं पाठवणार नाही. टपालवाला पाकीट उजेडाकडं धरतो.) तेवढ्यात दोरावाला काळा पडला. मी काही केलेलं नाही, फक्त येता-जाता बघत होतो. मेला असावा. बसम्माला सांगू नये. ती म्हणेल, मी बघितल्यामुळंच मेला.

ता. क. दुसरा. मेला नव्हता. आज सकाळी पूजेच्या वेळी त्याची पाठ उकलली आणि आतून एक ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं. मला वाटलं पांगळंच निघालं. त्याला तसं टाकून दुकानाला कसं जायचं, म्हणून बसलो. हळूहळू पंख उलगडले. काळे, त्यांवर पिवळे ठिपके, खाली एक तांबडा. मी बोट पुढं केलं तर बोटावर चढलं. कल्याणराव, एवढं वजन नसलेली वस्तू मी कधी हातात घेतली नव्हती, आणि मी कापसाचा अडत्या आहे. दुकान दुपारी उघडलं. बसम्मानं हे मला कधी दाखवलं का नाही, याचा राग आला. (मी विचारलं नव्हतं, हे खरं आहे.)

ता. क. तिसरा. बैल अजून लंगडतो. बेलाच्या कोवळ्या शेंड्यांवर मोत्याएवढीही नाहीत अशी पिवळी अंडी दिसली. मुंगळे वर चढायला लागले म्हणून डहाळी तोडून तांब्यात ठेवली, तांब्या ज्वारीच्या खोलीत, त्यावर डालगं, डालग्यावर लुगडं, आणि खोलीला कडी. तेव्हापासून कडूबाई भिंतीवरून माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघते. तिला मी 'काय न्हाई' म्हणून सांगितलं. मन्मथअप्पा मोंढ्यात बोलत फिरतोय, की बायको माहेरी गेल्यावर नागप्पा दिवसा कडी लावून घरात काय करतो? येत्या सोमवारी स्वामी चार माणसं घेऊन येणार आहेत. त्यांच्यासमोर डालग्यापुढं हात पसरून मी उभा राहिलो तर लोक काय म्हणतील? ते काम मला जमणार नाही. ते जिला जमतं ती आपल्याकडं आहे. शिवाय फुटल्यावर त्यांना कोवळं पान द्यायचं की जून, तेही मला माहीत नाही, आणि कडूबाईला मी विचारणार नाही.

ता. क. शेवटचा. कल्याणराव, पत्राच्या सुरुवातीला केलेली विनंती रद्द समजावी. हे पत्र मोठ्यानं वाचा आणि दार उघडं ठेवा. बसम्मा, दारामागं असशील तर जाऊ नको. विचारायचं राहिलं होतं, ते आता विचारतो: येतेस का?