सात कप्प्यांचं कपाट

सोमवार, ४

आले एकदाची! घर उतारावर, खिडक्या मोठाल्या, आणि वाचनाच्या खोलीत भिंतभर एकच पुस्तकांचं कपाट, सात कप्प्यांचं. या पुस्तकांची यादी करायची, एवढंच माझं काम. मालकीणबाई आठवडाभर बाहेरगावी. जाताना चिठ्ठी ठेवून गेल्या: एका वेळी एकच पुस्तक काढावं, नोंदवून लगेच जागेवर ठेवावं, कप्पा रिकामा करू नये. मला हसूच आलं. बावीस वर्षं ग्रंथालयात काढली मी. आधी सबंध कप्पा उतरवायचा, पुसायचा, मग नोंदी. धुळीसकट यादी करणं म्हणजे अंघोळीआधी पावडर फासणं. जित्याची खोड, दुसरं काय!

आप्पांना बरोबर आणलंय. घरी त्यांच्याकडे बघणारं कुणी नाही. दोन वर्षांपासून माझा बाप मला ओळखत नाही. मलाच नर्सबाई म्हणतात आणि फार अदबीनं वागतात. तेच जास्त लागतं.

मंगळवार, ५

सर्वांत खालचा कप्पा उतरवला. पुस्तकं पण काय एकेक! कायद्याचे जाडजूड खंड, शब्दकोश, मग तोच शब्दकोश आणखी चार वेळा. एकाचंही पान उलटलेलं नाही. वाचायला नव्हे, वजनाला घेतल्यासारखी.

दुपारी कपाट भिंतीपासून बोटभर पुढे आलेलं दिसलं. मागे दार! कपाट त्या दारालाच ठोकलंय, आणि पुस्तकांच्या भारानं दबून ते बंद राहतं. भार कमी झाला की आपोआप उघडतं. फटीतून गार हवा येत होती. आप्पा खुर्ची ओढून तिथंच बसले होते. मी जवळ गेले तर म्हणाले, ठमे, चहा टाक.

ठमी म्हणजे मी. लहानपणी तेवढे एकटे तेच म्हणायचे. स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले.

बुधवार, ६

आणखी तीन कप्पे रिकामे केले. यादीसाठी नाही, इथं तरी खोटं कशाला लिहू? फट रुंदावते तसं आप्पांना जास्त आठवतं. आईची गुडघेदुखी. मी गणितात नापास झाले तेव्हा तिच्यापासून लपवलेलं प्रगतिपुस्तक. जेवताना इतके हसलो की त्यांना ठसका लागला.

आत डोकावले. बिनखिडकीची लहानशी खोली, एक खुर्ची. बस्स. यात भ्यायचं ते काय?

गुरुवार, ७

सकाळी आप्पा स्वतःच्या लग्नाबद्दल सांगत होते. नवरी घाऱ्या डोळ्यांची, म्हणाले. माझ्या आईचे डोळे काळेभोर होते.

मालकीणबाईंना फोन केला. कप्पे किती रिकामे, एवढंच त्यांनी विचारलं. चार, मी म्हटलं. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे यजमान त्या खोलीत वाचत बसायचे. एक दिवस बाहेर आले ते कुणालाच न ओळखता. महिन्याभरात गेले. पण आतून हाका मारत राहिले, त्यांच्याच आवाजात. ऐकवेना, म्हणून बाईंनी कपाट भरलं. आत्ताच्या आत्ता पुस्तकं लावा, म्हणाल्या, मी उद्या पोचते.

घाबरून दोन कप्पे भरले. आप्पांनी हात जोडून विचारलं, नर्सबाई, माझी मुलगी कधी येणार हो?

पुस्तकं पुन्हा काढली. सगळी. सातही कप्पे. कळतं, पण वळत नाही.

शुक्रवार, ८. सकाळ

आप्पा दारापुढच्या खुर्चीत, पाठ ताठ. नर्सबाईसुद्धा म्हणाले नाहीत. तरुण आवाजात विचारलं, माझी बायको अजून कशी आली नाही?

आणि आतून, दारामागून— ठमे, ए ठमे, अंधार आहे गं इथं—

माझे आप्पा आत आहेत. मग हा कोण बसलाय—

दुपार

बाई आल्या. घारे डोळे. आप्पांच्या तोंडून त्यानं त्यांना कसल्याशा लाडक्या नावानं हाक मारली. त्या जाऊन त्याच्या खुर्चीशी बसल्या. म्हटलं, मी आप्पांना घेऊन येते, तोवर दार धरून ठेवा. त्यांनी मान डोलावली. माझ्याकडे न बघता.

आत

वही गुडघ्यावर. फटीपुरता उजेड. आप्पा दिसत नाहीत. आवाज रिकाम्या खुर्चीतून येतो. चला म्हटलं, तर म्हणाले, कशानं चालू, माझे पाय बाहेर राहिले.

बाहेर धप्प. पुन्हा धप्प. पुस्तकं— बाई कपाट भरतायत. किती हाका मारल्या. त्या रडतायत, पण भरतायत. दाराला खांदा लावला. हलत नाही—

आप्पांना सगळं आठवतं. पहिला दात. नदीत वाहून गेलेली चप्पल. एकेक सांगतायत. ऐकायला बरं वाटतं. कुणाच्या तरी मुलीची गोष्ट—

उजेड बोटभर.

खुर्चीतले गृहस्थ फार प्रेमळ. सारखे ठमे, ठमे करतात. मी विचारलं, ठमी कोण हो? तर रडायलाच लागले. म्हटलं, रडू नका, येईल तुमची मुलगी, आत्ता येईल, ती काय—