तारेच्या शेपटीचे उंदीर

९ फेब्रुवारी, गुरुवार

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या उजव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार. आई म्हणते, हल्ली घरात त्याचंच चालतं.

फोनच केला असता, पण ऐकू आलं नाही की तुम्ही नुसतं "हो, हो" म्हणता. परवा "जेवलात का?" विचारलं तर म्हणालात, "हो, हो, गुरुवारी." आज मला खरं उत्तर हवंय, म्हणून लिहितेय. आमच्या ऑफिसचे ड्रायव्हरकाका हे पत्र तुमच्या हातात देतील आणि उत्तर घेऊनच निघतील. त्यांना चहा द्या. साखर नको, कितीही मागितली तरी.

धाकटीचा पुढचा दात पडला. तुमच्यासारखी शीळ घालायला जाते आणि नुसतीच फुंकर निघते. तुमचे जावई खोकल्यातून उठलेत.

मी गेले दहा दिवस तुम्ही बांधलेल्या पुलाखाली आहे. नोव्हेंबरातल्या त्या भूकंपाच्या धक्क्यानंतर, ज्यात आईच्या फडताळातल्या बश्या वाजल्या होत्या, सगळे जुने पूल तपासायला घेतलेत. हा माझ्या वाट्याला आला. आला म्हणजे, मीच मागून घेतला.

हातोडी तुमचीच वापरते. तुम्ही शिकवलं होतंत, दारावर टकटक करतो तशी मारायची आणि कान द्यायचा; तेव्हापासून मला 'टकटक'च म्हणता. पहिले दोन खांब खणखणीत बोलले. तिसऱ्यावर आवाज बद्द आला. चार ठिकाणी काँक्रीटचा पापुद्राच हातात आला, आणि आतून गंजाचं तपकिरी पाणी.

तुम्हाला काय सांगायचं, सळ्या बांधण्यात तुमची हयात गेली. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगलं की वरचं काँक्रीट फोडतं. उभ्या सळ्यांना बाहेरून वेढणाऱ्या रिंगा पृष्ठभागाच्या सगळ्यात जवळ, म्हणून त्या आधी जातात. काही ठिकाणी रिंग पेन्सिलीएवढी उरलीय. रोजच्या गाड्यांना पूल कुरकुर करत नाही, कारण ते वजन सरळ खाली जातं. पण भूकंप आडवा ढकलतो. खांब डोलला की उभ्या सळ्या बाहेर वाकायला बघतात, आणि त्यांना आवळून धरायला रिंगाच असतात. त्या नसल्या तर खांब डोलत नाही, बसतो.

यंत्राने मोजलं. तिसऱ्या खांबाच्या नदीकडच्या बाजूला सळीवर काँक्रीट अठरा मिलिमीटर. नकाशात चाळीस आहे.

बाबा, तुम्हाला माझे उंदीर आठवतात?

सहा वर्षांची होते मी. टायफॉइडने बारा दिवस दवाखान्यात. आई रात्री असायची आणि दिवसा तुम्ही. याच पुलावर मुकादम असून बारा दिवस कामावर गेला नाहीत, माझ्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसलात. तेराव्या दिवशी कामावरून येताना पिशवीभर सिमेंटचे चौकोनी ठोकळे आणलेत, प्रत्येकाला बांधायच्या तारेची शेपटी. मी म्हटलं, "उंदीर!" तुम्ही म्हणालात, "उरलेत गं. खेळ." मी त्यांची शाळा भरवली. सत्तावीस उंदीर, रोज हजेरी.

मला वाटायचं, उरलेत म्हणजे जास्त होते. ते ठोकळे सळी आणि साचा यांच्यात बांधायचे असतात, सळी पृष्ठभागाला चिकटू नये म्हणून, हे मला कॉलेजात कळलं. ते आपोआप उरत नाहीत, न बांधताच काँक्रीट ओतलं तर उरतात, हे कळायला मात्र हा तिसरा खांब लागला. एक गोष्ट अजून आठवली. पुलावरून सायकलवर डबलसीट जाताना तुम्ही सारखे बोलायचात, पण मध्येच गप्प व्हायचात. मला वाटायचं चढ लागतो. परवा चालत जाऊन पाहिलं. तिथे चढ नाही, खाली तिसरा खांब आहे.

मी जाब विचारत नाहीये. तुम्ही नव्हतात तेव्हा कोणी घाई केली, आणि आल्यावर तुम्ही का बोलला नाहीत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. त्या बारा दिवसांत तुम्ही कुठे होतात ते मला ठाऊक आहे. त्या हातांचा गारवा अजून कपाळावर आहे.

पण सोमवारी मला अहवालावर सही करायचीय. चौथा आणि पाचवा खांब खोल पाण्यात आहेत, तिथवर पोचायला मचाण बांधून तीन आठवडे जातील. एकटा तिसराच कच्चा असेल तर त्याला आधार देऊन एका बाजूने वाहतूक चालू ठेवता येईल. तिन्ही तसेच असतील तर सोमवारपासूनच पूल पूर्ण बंद. पलीकडची साडेतीनशे मुलं शाळेला रोज त्यावरून येतात. उगाच बंद केला तर त्यांना दीड तासाचा वळसा. चालू ठेवला आणि जमीन पुन्हा हलली, तर पुढचं मला लिहवत नाही.

तेव्हा एवढंच सांगा. त्या बारा दिवसांत चौथा आणि पाचवाही ओतले होते का?

कोणी विचारलं की हे कशावरून, तर मी तुमचं नाव सांगणार आहे. लपवणार नाही. म्हणेन, माझ्या वडिलांनी सांगितलं, आणि मान वर करून म्हणेन. खांब वाचवता येतात, बाबा. गंज खरवडून, नव्या रिंगा घालून, वरून नवं काँक्रीट चढवून. काम सुरू झालं की तुम्हाला खुर्ची टाकून काठावर बसवीन. ठोकळे बांधलेत का ते तुम्ही बघा, तुमच्याशिवाय कोणावर माझा भरवसा नाही.

सोबत पुडीत एक उंदीर आहे. माझ्याकडे एवढा एकच उरला होता, शेपटी तुटलेला. मोजून पाहा, बरोबर चाळीस भरतो. उत्तर पाठवाल तेव्हा त्यालाही परत पाठवा, सोमवारी सही करताना तो टेबलावर हवाय.

तुम्ही बारा दिवस उशाशी बसून वाचवलेली,
तुमची टकटक